निळं अंतर्देशीय

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं, सोबत आठवणी लिहून द्यायची विनंती. पाकिटावर माझ्या नावाआधी 'साहित्यिक' असं छापलेलं बघून हसूच आलं. वर्गात मला 'विडीवालीचा' म्हणायचे. वह्यांना तंबाखूचा वास यायचा ना!

नायना, म्हणजे वडील, तेलंगणातल्या करीमनगरकडून कामाच्या शोधात सोलापुरात आले, मागोमाग अम्मा. पूर्व भागातल्या एका खोलीत आम्ही सहा जण. नायना पॉवरलूमवर चादरी विणायचे, अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची. मी तिला पानं कापून द्यायचो आणि त्याच दिव्याखाली गृहपाठ उरकायचो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीच्या टोकाला कानडी. आता भाषणात हे सांगितलं की लोक टाळ्या वाजवतात. तेव्हा नुसता गोंधळ होता.

बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये, पण मला मराठीच्या बाईंबद्दलच लिहायचं आहे. पीटीच्या सरांच्या शिट्टीवर कुणीतरी लिहीलच.

१९७८, सातवी 'ब'. बाईंनी तपासायला घेतलेल्या माझ्या वहीतून एक निळं अंतर्देशीय पत्र खाली पडलं. आजीला लिहिलेलं. अम्मा-नायना दोघांनाही लिहिता येत नव्हतं आणि मला तेलुगू लिपी येत नव्हती. म्हणून अम्मा सांगेल ते तेलुगूच, पण मी देवनागरीत उतरवलेलं. अक्षरं ओळखीची, म्हणून बाई मोठ्यानं वाचत गेल्या, "मेमु बागुन्नाम, मीरु एट्ला उन्नारु..." अर्धा वर्ग आमच्याच पेठांतला. हसून लोळायची वेळ. ज्यांना कळत होतं ते बाकावर आणि ज्यांना कळत नव्हतं त्या एकट्या बाई!

"आता मराठीत सांग," त्या म्हणाल्या. मी उभा राहिलो. आम्ही बरे आहोत, नायनांचा माग चालू आहे, दोन्ही वेळ भात जेवतो.

"खोटं बे!" मागच्या बाकावरून आवाज आला. खरंच खोटं होतं. सुताअभावी माग पंधरा दिवस बंद होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

बाईंनी त्या पोराला बसवलं. मला म्हणाल्या, "आईला पत्रात असंच लिहावं लागतं. हे टाक पोस्टात. आणि खरं काय ते दुसऱ्या कागदावर लिहून मला दे. वर्गात वाचणार नाही."

मी चार पानं लिहिली. बाईंनी त्यातल्या निम्म्या ओळींवर काट मारली. कारखान्यात अम्माच्या विड्यांतून खराब म्हणून छाट काढायचे, अगदी तशी. उरलेल्याखाली फक्त 'पुढे?' पुढे मग हिराचंद नेमचंद वाचनालयातून स्वतःच्या नावावर पुस्तकं काढून त्या मला द्यायच्या. माझे तीन कथासंग्रह झाले, पण 'पुढे?' लिहिणारं कुणी भेटलं नाही. पहिला संग्रह घेऊन गेलो तेव्हा बाई राहिल्या नव्हत्या. उशीर माझाच.

परवा शाळेवरून गेलो. सातवी 'ब'च्या खिडकीतून ऐकू येणारा मागांचा खडखडाट आता नाही. शेजारी चार मजली इमारत झाली आहे. छानच आहे म्हणे.

आजीचं उत्तर महिन्यानं आलं, तेलुगू लिपीत. शेजारच्या मामांनी वाचून दाखवलं: पत्र मिळालं, गावात कुणालाच वाचता आलं नाही, तरी सगळे बरे असाल असं धरून चालते. बाईंना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.