लोकलमधून पडलेल्या माणसाचे कागद

माझा मामेभाऊ ठाण्याच्या पुढे गर्दीच्या लोकलमधून पडून गेला. मामा-मामी कशाच्याच अवस्थेत नव्हते, म्हणून रेल्वेच्या भरपाईचं सगळं मी बघितलं. अशी वेळ आलेल्या घरांसाठी हे लिहितोय.

टक्कर झाली, गाडी घसरली आणि माणसं दगावली, तर चौकशीला रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात. ते रेल्वेचे नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. एकटा माणूस दारातून पडला तर तसं कुणी येत नाही. 2003 च्या नियमांप्रमाणे आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, तपास करतं आणि अहवाल डीआरएमकडे, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे जातो. ही चौकशी आपोआप आपल्या बाजूची होईल असं धरून चालू नका.

स्टेशन मास्तरचा मेमो (घटनेची लेखी खबर), लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, यांच्या प्रती आधी मिळवा. आमच्या मेमोत एवढंच होतं: 'रुळालगत अनोळखी इसम, गंभीर जखमी.' गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता, काहीच नाही. आणि रेल्वे कायदा 1989 च्या कलम 124-अ ची भरपाई पडलेल्याला आहे, रूळ ओलांडणाऱ्याला नाही. रेल्वेकडून तोच मुद्दा आला. आम्हाला तारलं ते दिवा स्टेशनच्या एका सहप्रवाशाने. ओळख ना पाळख, पण कामावर खाडा करून त्याने भाऊ गाडीतून पडल्याचा जबाब पोलिसांत दिला. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पंचनाम्यात जेवणाचा डबा, घड्याळ आणि फुटलेला मोबाइल होता. पास त्याच मोबाइलमध्ये! मग बँक खात्यातून पासचे पैसे गेल्याची नोंद काढली आणि मामांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून प्रवासी नव्हता असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितलंय. चढता-उतरताना पडणं म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, हेही त्यातच आहे. 'दारात कशाला उभा होता' असं कुणी म्हणालं तर खचू नका, या कलमाखाली रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात, घटनेपासून एक वर्षाच्या आत लावायचा. भाऊ अविवाहित, म्हणून अर्जदार आई-वडील. लग्न झालेलं असेल तर बायको-मुलं. मृत्यूची भरपाई 2017 पासून 8 लाख आहे. आमचा दावा मंजूर झाला, आदेशाची प्रत मामींनी स्वतः सही करून घेतली.