सँडविचसाठी अध्यक्ष बाहेर गेले

गेल्या आठवड्यात इथे इंग्लंडमध्ये आमच्या शाखेची वार्षिक सभा झाली. शाखा म्हणजे ब्रिटिश कम्प्युटर सोसायटीची, इथल्या भाषेत बीसीएसची. सॉफ्टवेअर, नेटवर्क, डेटा असल्या कामांवर पोट असणाऱ्यांची ही संस्था. मी तिची सभासद आहे, आणि ऑफिसातल्या एका बाईंनी ओढून नेलं म्हणून सभांनाही जाते.

विषयपत्रिकेवर एक किरकोळ विषय होता : पुढच्या वर्षीच्या व्याख्यानांना खाणं कोणाकडून मागवायचं. दोन दरपत्रकं आली होती. त्यातलं एक मावळत्या अध्यक्षांच्या मेहुणीच्या दुकानाचं. विषय निघाल्याबरोबर अध्यक्ष उठले, "यात माझं नातं आहे, मी बाहेर थांबतो" म्हणाले आणि खरंच दार ओढून बाहेर गेले. काचेतून दिसत होते. नोटीसबोर्डावरची योगवर्गाची जाहिरात वाचत उभे होते बिचारे. आत आम्ही अंड्याचं सँडविच की चीजचं, काकडी घालायची की नाही, यावर चर्चा करत होतो. मेहुणीचे दर कमी होते, तेच मंजूर झाले. सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं की या विषयापुरते अध्यक्ष सभागृहात नव्हते. मग कोणीतरी जाऊन त्यांना आत बोलावलं.

सगळा व्यवहार एका कार्यक्रमाला साठेक पाउंडांचा.

रात्री आप्पांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "मेहुणीचं स्वस्त होतं ना? मग बाहेर कशाला गेला तो? काय बोलून राहिली तू?" मी समजावायला गेले आणि निम्म्यातच अडकले, कारण आप्पांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

आप्पा भुसावळला लोको शेडमध्ये होते. त्यांच्या एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेला लहानपणी मी नेमाने जायची, कारण सभासदांना भेटवस्तू मिळायची. एका वर्षी स्टीलचा डबा, एका वर्षी बेडशीट. मंडपात खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. व्यासपीठावरून कोणीतरी "मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजण्यात यावे" म्हणायचं, खालून "मंजूर!" असा एकच आवाज उठायचा. ताळेबंद मंजूर, नफावाटणी मंजूर, आयत्या वेळचे विषय मंजूर. एखादा गृहस्थ हातात अहवाल घेऊन "पान अकराचं काय?" असं विचारायला उभा राहिला की मागून शिट्ट्या, आणि त्याच वेळी कचोरीची पाकिटं वाटायला सुरुवात. मंडप अध्यक्षांच्या भाच्याचा, अहवालाची छपाई व्याह्यांच्या प्रेसमध्ये, कचोरी त्यांच्याच गल्लीतल्या माणसाकडची. हे कोणाला खटकायचं नाही. घरचा माणूस आहे, काम मन लावून करेल, हाच त्यामागचा विचार. आणि खरं सांगायचं तर कचोरी गरम असायची. मेहुणीच्या दुकानातलं सँडविच मी खाल्लंय, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

पण अध्यक्ष बदललेले मी त्या संस्थेत पाहिले नाहीत. मी चौथीत असताना जे होते तेच मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा होते, आणि नंतर त्यांचे चिरंजीव आले. जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्था पुढे कशा बुडाल्या आणि ठेवी कशा अडकल्या ते वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. आमच्या मावशीच्या ठेवीची पावती अजून कपाटात आहे.

म्हणून बीसीएसचं मला जे सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की राष्ट्रीय अध्यक्षसुद्धा फक्त एक वर्षासाठी. आधी उपाध्यक्ष, मग अध्यक्ष, मग वर्षभर माजी अध्यक्ष म्हणून नव्याच्या पाठीशी, आणि मग घरी. मानधन नाही. रोजचा कारभार पगारी मुख्य कार्यकारी अधिकारी बघतो आणि त्याच्यावर विश्वस्त मंडळ. संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली, म्हणजे आपल्याकडच्या पब्लिक ट्रस्टसारखीच. फरक इतकाच की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्टवरून, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदीवरून, दोन गट वर्षानुवर्षं भांडतायत, असं दृश्य इथे मला तरी दिसलेलं नाही. इथे गट पाडून मिळवायचं काय, हाही प्रश्नच आहे, पण त्यावर पुढे येते.

संस्था १९५७ सालची. पहिले अध्यक्ष मॉरिस विल्क्स, ज्यांनी केंब्रिजमध्ये १९४९ला एडसॅक हा संगणक चालू करून दाखवला. म्हणजे यंत्र स्वतः बांधलेला माणूस. इथवर सगळं छान. पण जुन्या अध्यक्षांची यादी वाचताना १९६६-६७ला आले आणि थांबले. तिथे नाव आहे अर्ल माउंटबॅटन ऑफ बर्मा. हो, तेच. आपले शेवटचे व्हाइसरॉय. आणि १९८२-८३ला ड्यूक ऑफ केंट! गणेश मंडळाच्या कार्यक्रमाला आमदार बोलावले म्हणून आपण आपल्याच लोकांना नावं ठेवतो. इथे संगणकवाल्यांनी संस्थेला वजन यावं म्हणून राजघराण्यातला माणूस डोक्यावर बसवला की नाही? माउंटबॅटन नौदलात संदेशवहनाचे जाणकार होते, असं आमच्या शाखेतल्या एका आजोबांनी मला लगेच सुनावलं. असतील. तरी मला त्या दिवशी फार बरं वाटलं. ड्यूकनंतर लगेचच, १९८४ला, संस्थेला राणीची सनद मिळाली.

त्याच यादीत १९८९-९०ला स्टेफनी शर्ली आहेत, संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. नाझींच्या तावडीतून सुटावीत म्हणून ज्यू मुलांना आगगाड्यांनी इंग्लंडला पाठवलं गेलं, त्यांतून १९३९ला पाच वर्षांची असताना आलेली ही पोर. १९६२ला तिने अशी कंपनी काढली की प्रोग्रॅम लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका, त्याही घरी बसून काम करणाऱ्या. बाईच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात म्हणून ती 'स्टीव्ह' अशी सही करायला लागली आणि उत्तरं आली. घरून काम करण्याचा शोध २०२०ला लागला असं समजणाऱ्या आमच्या मॅनेजरला हे मी मुद्दाम सांगितलं.

आणि नेत्यांना जाब विचारायचा तर? २०१०ला तेही झालं. संस्थेचं रंगरूप पालटण्याच्या खर्चिक कार्यक्रमावरून काही सभासद बिथरले, विशेष सभा बोलवायला लागणाऱ्या सह्या त्यांनी गोळा केल्या आणि विश्वस्तांवर अविश्वासाचा ठराव आणला. मतदान झालं, नेतृत्व टिकलं, विरोधक हरले. शिट्ट्या नाहीत, कचोरी नाही.

इतकं कौतुक करून झाल्यावर आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर माझा चुलतभाऊ दादा म्हणेल की ही तिकडची झाली.

परवाच्या सभेला माणसं किती, तर एका मिनीबसमध्ये मावतील इतकी. संस्थेचे सभासद जगभर मिळून सुमारे ७० हजार! शाखेच्या प्रत्येक पदासाठी एकच अर्ज, एका पदाला तर तोही नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. आमच्याकडे साध्या पतसंस्थेची निवडणूक लागली की दोन पॅनेलं पडतात, कपबशी आणि छत्री अशी चिन्हं गल्लोगल्ली लागतात, धाब्यावर शेवभाजीचे टोप चढतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला रिक्षात घालून मतदानाला आणतात. त्यात पैसा आहे, जात आहे, सगळं आहे. पण संस्था आपली आहे, तिच्यात काय होतं त्याने आपल्या घरात फरक पडतो, हे त्या म्हाताऱ्याला पक्कं माहीत असतं. इथे खुर्ची सोडायला अध्यक्षांना जड जात नाही, कारण खुर्चीत देण्यासारखं काही नाही. ना मुलाला नोकरी, ना कर्ज, ना प्लॉट. बाहेर जाऊन योगवर्गाची जाहिरात वाचणं अशा वेळी सोपं असतं.

हे मी दादाला लिहिलं. तो जळगावला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्याने आधी आठवण करून दिली की आपलीही कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे, आणि तिचे पहिले अध्यक्ष आर. नरसिंहन होते, ज्यांच्या गटाने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, टिफ्रॅक हा संगणक १९६०ला उभा केला. "म्हणजे आपलाही पहिला अध्यक्ष यंत्र बांधणाराच. आणि आमच्या यादीत व्हाइसरॉय नाही." मग त्याने मुद्द्यावर बोट ठेवलं : एवढी सनद आणि एवढी आचारसंहिता असताना तुमच्या पोस्टात काय झालं?

याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. होरायझन नावाच्या हिशेबाच्या प्रणालीत चुका होत्या. तिने दाखवलेल्या तुटीवर विसंबून १९९९ ते २०१५ या काळात इथे ९०० हून जास्त पोस्टमास्तरांना चोरी-अफरातफरीसाठी दोषी ठरवलं गेलं. कित्येक आपल्याकडून आलेले, दुकान आणि पोस्ट एकत्र चालवणारे. एक बाई पोटुशी असताना तुरुंगात गेली. प्रणालीत दोष आहेत हे आतल्या काही संगणकवाल्यांना माहीत होतं. बीसीएसने यावर पुढे बरंच बोलून दाखवलं, संगणकाचा पुरावा डोळे झाकून खरा मानू नका असा आग्रहही धरला. पण डॉक्टरला नोंदणीशिवाय औषध देता येत नाही आणि माझ्यासारखीला मात्र कुठल्याही संस्थेचं सभासद नसताना बँकेच्या प्रणालीला हात लावता येतो. ज्याला संस्थेतून काढलं तरी सोमवारी कामावर जाता येतं, त्याला संस्था धाक काय घालणार? हे इथेही तसंच आहे आणि हिंजवडीतही तसंच.

तरी दादाशी मी भांडले. स्विंडनमध्ये राहते म्हणून इथली बाजू घेते असं नाही. (स्विंडन म्हणजे इंग्लंडचं भुसावळ. रेल्वेने वसवलेलं, बीसीएसचं मुख्य कार्यालयही इथलंच. यांचा रेल्वे कारखाना १९८६ला बंद पडला आणि तिथे आता ब्रँडेड कपड्यांची दुकानं आहेत. आपल्या भुसावळला इंजिनं अजून दुरुस्त होतात, हे मी इथे संधी मिळेल तेव्हा सांगते.) माझं म्हणणं एवढंच होतं, की साठ पाउंडांसाठी बाहेर जायची सवय ज्याला लागली तो साठ हजारांच्या वेळी निदान खुर्चीत चुळबुळ तरी करेल. दादा म्हणाला, "आणि तू इथे असताना कुठल्या संस्थेची सभासद होतीस गं?"

नव्हते. नोकरी, मग लग्न, मग व्हिसा. आणि तिथे माझ्यासारख्या पोरीला पॅनेलमध्ये घेतलं असतं ते महिला राखीवच्या जागेवर सहीपुरतं, हे त्यालाही माहीत आहे. इथे कोणी पुढे येत नाही म्हणून का होईना, खजिनदार होशील का असं मला सरळ विचारलं. ज्या पदाला अर्ज आला नव्हता ते हेच. मी हो म्हटलं.

आप्पांना ही बातमी नीट पचलेली नाही. पगार नाही हे ऐकून ते गप्प झाले, मग खजिनदाराचं मत अध्यक्षाइतकंच धरतात का ते विचारलं. शेवटी त्यांनी खरा प्रश्न काढला : चेकवर सही कोणाकोणाची?

"दोघांची लागते आप्पा. माझी आणि आणखी एकाची."

"दुसरा कोण आहे ते आधी बघून घे," आप्पा म्हणाले, "मग फॉर्म भर."