आमची वाटचाल : कोरा खेळाडू एकदाच मिळतो

फोंड्यातल्या आमच्या छोट्या कंपनीकडे सध्या एकच काम आहे : खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) गावात घडणारा, संवादांवर आणि निवडींवर चालणारा एक रोल-प्लेइंग गेम. तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये आहे, म्हणजे अपुरा आहे हे पाटीवर लिहूनच विकायला मांडला आहे. स्टीमने ही सोय मार्च २०१३मध्ये आणली. शेती, बांधकाम, लढाई असल्या खेळांना ती चांगली मानवते, कारण तोच माणूस तोच नकाशा पन्नास वेळा खेळतो आणि पन्नासाव्या वेळीही कामाचं काहीतरी सांगतो. गोष्टीच्या खेळाचं गणित निराळं. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) कपाटातल्या कागदावर कोणाची सही आहे हे एकदा कळलं, की त्या प्रसंगापुरता तो खेळाडू आमच्यासाठी संपला. पुढे तो शुद्धलेखनाच्या चुका दाखवील, कुठे रेंगाळतंय ते सांगील. पण ‘इथे मी फसलो’ किंवा ‘हे मी आधीच ओळखलं होतं’ ही वाक्यं त्याच्याकडून एकदाच मिळतात.

म्हणून आमच्याकडे दोन वह्या असतात. एक पैशांची, दुसरी कोऱ्या वाचकांची. कोणी कोणतं प्रकरण कोणत्या बिल्डमध्ये, म्हणजे खेळाच्या कोणत्या आवृत्तीत, वाचलं, एवढंच तिच्यात. नवं प्रकरण तयार झालं की एका वेळी पाचच जण बसवायचे. पाचांतल्या तिघांना एकाच जागी अडलं, तर सहाव्याला बसवण्यात अर्थ नाही. आधी दुरुस्ती, मग पुढचे पाच. यासाठी स्टीमचं ‘प्लेटेस्ट’ वापरतो. ते मूळ खेळापासून वेगळं असतं, खेळाडूला फुकट असतं आणि तिथली नाराजी मूळ पानावरच्या रिव्ह्यूंत उतरत नाही. कोणी शेजारी बसून खेळत असेल तर आम्ही तोंड उघडत नाही. मागचे संवाद पुन्हा दाखवणारी खिडकी त्याने कुठे उघडली, तेवढं टिपतो. ‘गोंधळलो’ असं कोणी मोठ्याने म्हणत नाही, पण ती खिडकी उघडतो. एकाच ओळीनंतर दोघांनी ती उघडली तर ती ओळ पुन्हा लिहायची.

शेवटचं प्रकरण सार्वजनिक बिल्डमध्ये कुलूप लावूनसुद्धा ठेवत नाही. संवाद आम्ही इंक या संवाद लिहायच्या भाषेत लिहितो. त्याची संकलित फाइल म्हणजे साधा जेसन, नुसता मजकूर, नोटपॅडमध्ये उघडतो. बिल्डमधून ती बाहेर काढणारे हौशी लोक पहिल्याच आठवड्यात भेटतात. मोठ्यांनीही हेच केलं आहे. बाल्डर्स गेट ३ हा खेळ ६ ऑक्टोबर २०२०पासून ३ ऑगस्ट २०२३पर्यंत अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि त्या जवळजवळ तीन वर्षांत खेळाडूंना पहिलाच अंक मिळत राहिला. हेडीज या खेळानेही खरा शेवट सप्टेंबर २०२०च्या पूर्ण आवृत्तीसाठी राखून ठेवला होता.

आता रिव्ह्यू कसे वाचायचे. प्रत्येक रिव्ह्यूशेजारी लिहिणारा किती तास खेळला होता ते छापलेलं असतं. आम्ही आधी तो आकडा बघतो, अंगठा नंतर. ०.३ तासांचा नाराज रिव्ह्यू बहुधा तांत्रिक असतो : काळा पडदा, फाँट, भाषा निवडता आली नाही. दीड-दोन तासांचा असेल तर तक्रार गतीची. सहा तासांच्या नाराज माणसाला खेळ आवडलेला असतो. त्याला कुठेतरी फसवल्यासारखं वाटलेलं असतं, आणि तो रिव्ह्यू चौघांनी एकत्र बसून वाचायचा. दहा रिव्ह्यू होईपर्यंत पानावर ‘पॉझिटिव्ह’, ‘मिक्स्ड’ असला शेरा दिसत नाही. फुकट वाटलेल्या की (खेळ मिळवून देणारे कोड) वापरणाऱ्यांचे रिव्ह्यू त्या गुणांकात धरत नाहीत, तेव्हा गावभर की वाटून शेरा सुधारत नाही.

परताव्याचा नियम गोष्टीच्या खेळाला जरा जड जातो. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर दोन तासांत अठरा हजार शब्द वाचून होतात. पहिलं प्रकरण बारा हजारांचं ठेवलं तर कोणीही ते संपवून पैसे परत घेऊ शकतो, आणि त्यात गैर काही नाही. यावर उपाय म्हणून प्रकरण फुगवायचं नाही. फुगवलेलं पान वाचणाऱ्याला लगेच कळतं. प्रकरणाचा शेवट दोन तासांच्या आत येत असेल तर तिथे सगळ्या गाठी सुटता कामा नयेत, इतकंच पाळतो.

सगळ्यात जास्त प्रतिक्रिया भाषेवर येतात, आणि खरं सांगायचं तर त्याच वाचायला मजा येते. पहिली तक्रार : ‘मी मुलगी निवडली, तरी ती “मी आलो” का म्हणते?’ इंग्रजी आवृत्तीत हा प्रश्नच नाही. मराठीत खेळाडूच्या तोंडची निम्मी वाक्यं दोनदा लिहावी लागतात : आलो-आले, जातो-जाते. प्रत्येक ओळीत फाटा ठेवला की चुका वाढतात. म्हणून आधी फाटा लागणारच नाही असं वाक्य शोधायचं. ‘मी दार उघडलं’ या वाक्यात क्रियापद दाराप्रमाणे चालतं, बोलणारा कोणीही असो. ‘मी जाईन’, ‘मला वाटतं’, ‘मला ठाऊक आहे’ हीही निर्धोक. फसवतात ती विसरणे, शिकणे, बोलणे, भेटणे ही क्रियापदं. ‘मी चावी विसरलं’ होत नाही, विसरलो किंवा विसरलेच लागतं. अशा क्रियापदांची यादी भिंतीवर लावली आहे. समोरचं पात्र खेळाडूला ‘तू’ म्हणत असेल तर आलास-आलीस असा फाटा पडतो. ‘तुम्ही आलात’ म्हटलं की सुटका.

पण सुटका व्हावी म्हणून सगळ्यांना ‘तुम्ही’ करता येत नाही. भाटकार मुंडकाराला (त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला) ‘तू’ म्हणतो, मुंडकार त्याला ‘तुम्ही’. नातं बदललं की हे बदलायला हवं, आणि ते कधी बदललं याकडे गोव्यातल्या वाचकाचं बरोब्बर लक्ष असतं. दुसऱ्या प्रकरणात मुंडकाराचं एक वाक्य दोन प्रसंगांत तसंच वापरलं गेलं. एकात भांडण झालेलं, एकात नाही. भांडणाआधीच तो भाटकाराला ‘तू’ म्हणाला, आणि काही वाचकांनी त्यावरून आता बंड होणार असा अंदाज बांधला. चूक कॉपी-पेस्टची होती, अर्थ मात्र लागला!

दुसरा वाद कोकणीचा. साखळी-डिचोलीकडचे वाचक विचारतात, ही माणसं घरात असं पुस्तकी मराठी बोलतात का? घाटावरचे विचारतात, हा पोदेर (पाववाला) कोण? निवेदन आणि संवाद मराठीत ठेवून वस्तूंची, कामांची आणि नात्यांची नावं इथली ठेवली : मानस (बांधातलं दार), बांध, पोदेर, पात्रांव (मालक). शब्दावर माऊस नेला की एका ओळीत अर्थ येतो. सगळ्यांचं समाधान झालेलं नाही, होणारही नाही. पूर्ण कोकणी आवृत्ती हे वेगळं लेखन आहे. मराठीवर शब्द चिकटवून ती होत नाही.

अक्षरांचीही एक बाजू आहे. युनिटी या खेळ बनवायच्या इंजिनातल्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात देवनागरी अक्षरजुळणी आपसूक होत नाही. पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते, जोडाक्षरं सुटतात. आम्ही गोडो ४ हे दुसरं इंजिन घेतलं (मार्च २०२३ची आवृत्ती) कारण त्यात अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे. तरी एकेक अक्षर टाइप होत दिसण्याचा परिणाम चालू केल्यावर ‘क्ष’ आधी ‘क’ म्हणून उमटायचा, मग रूप बदलायचा, आणि ओळीच्या टोकाचा शब्द मध्येच खाली उडी मारायचा. मूळ सेटिंगमध्ये अक्षरं जुळणीच्या आधी लपवली जातात. ती जुळणीनंतर लपवायला सांगितलं की हे थांबतं. ‘दुसऱ्या’ लिहिताना साधा र वापरला तर रफार होतो आणि ‘दुसर्या’ दिसतं. नुक्त्याचा ऱ हवा. ही चूक डोळ्यांना सापडत नाही, तेव्हा दर बिल्डआधी शोध चालवतो.

फाशांवर मात्र वाचक फार चिडतात. एखादी गोष्ट पात्राला जमते की नाही, हे आमच्याकडे दोन फाशांच्या बेरजेवर ठरतं. आठ किंवा जास्त हवे असतील तर शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. बेरजेत मिळवायला पात्राकडे एक गुण असेल तर ५८, दोन असतील तर ७२. ७२ म्हणजे ‘होणारच’ असं माणूस धरून चालतो, आणि साधारण चारांतला एक डाव फसला की खेळ लबाड ठरतो. आकडा दाखवला तरी राग गेला नाही. राग टक्क्यांवर नव्हताच. हरल्यावर वाचायला काही मिळत नव्हतं, म्हणून लोक जुना सेव्ह उघडून पुन्हा फासे टाकत. आता हरण्यालाही स्वतःचा प्रसंग आहे, निदान दीडशे शब्दांचा, आणि त्यातून एखादी अशी माहिती निघते जी जिंकणाऱ्याला मिळत नाही. पुन्हा सेव्ह उघडणं कमी झालं, लिहिण्याचं काम वाढलं.

सेव्हचं एक दुखणं इथल्या पावसाचं. वीज जाते, नेमकी फाइल लिहिताना जाते, आणि शून्य बाइटची फाइल उरते. क्लाउड चालू असेल तर तीच फाइल चांगल्या प्रतीवर बसू शकते. उपाय जुनाच : आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, वाचून तपासायचं, मग नाव बदलायचं, मागच्या तीन प्रती राखायच्या. प्रसंगाच्या मध्यावर सेव्ह ठेवत नाही. इंकची स्थिती प्रसंगांच्या नावांना बांधलेली असते आणि नव्या बिल्डमध्ये नाव बदललं की जुना सेव्ह उघडत नाही किंवा भलत्याच जागी उघडतो. प्रसंगाच्या सुरुवातीची जागा आणि निर्णयांची यादी, एवढंच साठवतो.

सगळ्यात महाग पडलेली प्रतिक्रिया मानशीची. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं दार. तिसऱ्या प्रकरणाच्या मसुद्यात खेळाडूला भरतीच्या रात्री धावत जाऊन ते बंद करावं लागत होतं. दिवाडी-चोडणकडच्या वाचकांनी एका वाक्यात निकाल लावला : भरतीच्या पाण्याने दार आपोआप मिटतं, ओहोटीला शेतातल्या पाण्याने आपोआप उघडतं, धावायचं कशाला? बरोबर होतं. भरती दर साडेबारा तासांनी येते, रोज कोण धावणार? खरा धोका वेगळा असतो. फळी कुजते, ओंडका अडकून दार अर्धं राहतं, किंवा मासे मिळावेत म्हणून कोणी मुद्दाम खारं पाणी आत घेतं. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावात जातो, आणि घेणाऱ्याचं हित नि शेत कसणाऱ्याचं हित एक नसतं. कथानकाला हवं होतं ते भांडण तिथेच पडलेलं होतं.

प्रकरण पुन्हा लिहिलं. पण ज्यांनी जुना मसुदा वाचला त्यांना आता ओंडका कोणी अडकवला याचा संशय पहिल्या पानापासून येतो, कारण दोन पात्रं तीच आहेत. ते सगळे वहीत खोडले गेले. पुढच्या पाचांत निदान दोघे खाजनाच्या गावातले हवेत, आणि त्यांनी पहिली दोन प्रकरणं वाचलेली, तिसरं न वाचलेलं असायला हवं. सध्या एक मिळाला आहे. स्टोअरच्या पानावर तिसऱ्या प्रकरणाची तारीख घातलेली नाही.