तुम्ही विचारलंत म्हणून: पीसीबी घरी का काढते?

"पीसीबी, म्हणजे सर्किटचे छापील बोर्ड, बाहेरून इतके सुबक करून मिळतात, मग तुम्ही प्लॉटर (पेनाने चित्र काढणारं यंत्र) लावून घरी कशाला काढत बसता?" हे मला इतक्या वेळा विचारलं जातं, की एकदा नीट उत्तर द्यावं म्हटलं.

दुपारी सुचलेलं सर्किट रात्री चालू झालेलं बघायचं असतं, म्हणून. पहिल्या बोर्डात काहीतरी चुकतंच. बाहेरून मागवला, तर ती चूक कळायला बोर्ड हातात पडेपर्यंत थांबायचं. घरी त्याच बैठकीत ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट, हलवून बोर्डाचा दुसरा तुकडा घेता येतो.

टोनरची पद्धत मीही बरीच वर्षं वापरली. लेझर प्रिंट तांब्यावर पालथी घालायची, इस्त्री फिरवायची, कागद भिजवून सोलायचा, आणि नेमका बारीक ट्रॅक कागदाबरोबर उठून यायचा. प्लॉटरचं पेन थेट तांब्यावर रेघ ओढतं, मध्ये कागदच नाही. शाईखालचं तांबं टिकतं, उघडं राहिलेलं नंतर रसायनात विरघळतं. मात्र प्लॉटर असा हवा, ज्यात कागद जागेवर राहतो आणि पेन दोन्ही दिशांना फिरतं. रुळांमधून कागद सरकवणाऱ्यात १.६ मिमी जाडीचा बोर्ड जात नाही. शिवाय टोनरमध्ये चित्र आपोआप उलटं होतं, इथे ते आपणच उलटवायचं. मी तांब्याच्या बाजूला चार अक्षरं टाकून ठेवते. ती तांब्यावर सुलट वाचता आली की चित्र बरोबर.

तांबं घासून झालं की बोर्ड नळाखाली धरते. पाणी सलग पसरलं तर ठीक. कुठे थेंब होऊन आकसलं, तर तिथे बोटाचं तेल राहिलंय आणि शाई तिथेच सुटणार.

शाईने मला एकदा चांगलंच शिकवलं. रेघ फिकी वाटली म्हणून परमनंट मार्करचा लगेच दुसरा हात दिला. ताज्या शाईतल्या सॉल्व्हंटने खालची शाई विरघळली आणि टोकाने ती बाजूला सारली. उजेडात तिरकं धरलं तर ट्रॅकच्या दोन्ही कडा काळ्या, मधोमध तांबं चमकतंय! आता एकदाच काढते, पण सावकाश, सेकंदाला २ सेमी. एचपी-जीएलमध्ये, म्हणजे प्लॉटरला सूचना देण्याच्या भाषेत, १ मिमी म्हणजे ४० एकक, त्यामुळे बारकाव्याला मशीन कमी पडत नाही. अडतं ते मार्करच्या टोकापाशी. म्हणून ०.५ मिमीहून बारीक ट्रॅक ठेवत नाही. पॅड म्हणजे भागाचे पाय जिथे जोडतात ती तांब्याची टिकली; तिच्या मध्ये ठिपका कोरा सोडते. तिथलं तांबं निघून खळगा होतो आणि ०.८ मिमीचं ड्रिल घसरत नाही.

मग उघडं तांबं विरघळवणारं कोमट फेरिक क्लोराइड, प्लास्टिकचा ट्रे, सतत हलवणं. तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा असतो. द्रावण थंड असेल तर वेळ लांबतो आणि शाई कडेने हार मानते. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना घातक असतं.

दोन बाजूंचा, आतून तांबं चढवलेल्या छिद्रांचा बोर्ड लागला तर मीही बाहेरूनच मागवते. पण पेन एकेक ट्रॅक काढत असताना शेजारी बसून बघणं मला सोडवत नाही. परवा ग्राउंडची रेघ रेग्युलेटरच्या पॅडला न भेटता पुढे गेली. स्क्रीनवर ते तीनदा नजरेतून सुटलं होतं. तिथेच मशीन थांबवलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसला, फाइल दुरुस्त केली आणि पेन पुन्हा सुरुवातीला नेलं.