आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया

आज आईच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ झालेले भिंग ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात आणि घडी घातलेले कृत्रिम भिंग आत सरकवतात, जे तिथेच उलगडते. टाका बहुधा लागत नाही. वय हे मुख्य कारण असले, तरी मधुमेहामुळे आणि दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे तो लवकर वाढला असावा, असे डॉक्टर म्हणाल्या. आईला चिंता एकच, डोके कधी धुता येईल! मला खरी धास्ती आहे ती काचबिंदूची (बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस खराब होण्याचा आजार), कारण तो बहुतेकदा दुखत नाही, नजर कडेने आक्रसत जाते आणि गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेनेही परत येत नाही. मामांना तो असल्यामुळे आईचा नेत्रदाब आधीच तपासला होता. आता आम्हा भावंडांचीही तपासणी ठरली आहे.