ट्यूनिंगचा लॅपटॉप: प्रोसेसर नंतर बघा, आधी केबल लावून बघा

इंजिन ट्यूनिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: आय-फाइव्ह घेऊ का आय-सेव्हन? काहीही घ्या, फरक पडत नाही. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. मेगास्क्वर्ट किंवा स्पीड्यूइनो ईसीयूसाठी वापरतात ते ट्यूनरस्टुडिओ सॉफ्टवेअर दहा वर्षं जुन्या मशीनवरही निवांत चालतं. ईसीयू केबलवरून सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने बोलतो, म्हणजे आजच्या हिशोबाने रांगतो. त्यासाठी गेमिंग लॅपटॉप घेणं म्हणजे पैसे घालवून मांडीवर अडीच किलोचा तवा ठेवणं. घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी: कनेक्शन मध्येच तुटतं, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि बॅटरी ऐनवेळी मान टाकते.

आधी काम कुठलं ते ठरवा. एक काम म्हणजे स्टँडअलोन, म्हणजे कंपनीच्या ईसीयूऐवजी बसवलेल्या ईसीयूचं चालू इंजिनवर ट्यूनिंग. यात बाजूच्या सीटवर बसून इंधनाच्या टेबलमधले आकडे बदलायचे आणि लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची सलग नोंद, घ्यायचा. इथे केबल क्षणभर तुटली तर लॉग वाया जातो, इंजिन चालूच राहतं. दुसरं काम म्हणजे कंपनीच्या ईसीयूची फाइल वाचून, बदलून परत लिहिणं, ज्याला सगळे फ्लॅशिंग म्हणतात. लिहिणं अर्ध्यात तुटलं तर ईसीयू निपचित पडतो. मग तो काढून, उघडून बूट मोडमध्ये जिवंत करावा लागतो. आपल्याकडे शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना असल्याने संभाजीनगरात जुन्या ऑक्टाव्हिया गॅरेजला नेहमीच्या. त्यातल्या १.९ टीडीआय डिझेल इंजिनाचा बॉशचा ईडीसी१५ ईसीयू के-लाइन या जुन्या, एका तारेच्या जोडणीवर बोलतो. के-लाइन वेळेच्या बाबतीत फार नाजूक. बाइट पोचायला थोडा उशीर झाला तरी ईसीयू बोलणं सोडून देतो. ज्याला फ्लॅशिंगच करायचंय त्याने लॅपटॉप निवडताना वेगाआधी भरवसा बघावा.

विंडोज की दुसरं काही? ट्यूनरस्टुडिओ जावावर असल्याने मॅक आणि लिनक्सवरही चालतं. पण विनओएलएस, व्हीसीडीएस, एचपी ट्यूनर्स आणि बहुतेक स्टँडअलोन ईसीयूंची सॉफ्टवेअर विंडोजचीच, त्यामुळे वाद संपला. फक्त स्नॅपड्रॅगनवाले नवे विंडोज लॅपटॉप घेऊ नका. त्यांच्यावर जुनी सॉफ्टवेअर उघडतात, म्हणून दुकानदार छातीठोक सांगतो की सगळं चालतं. पण केबलचा ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी वेगळा लिहिलेला असावाच लागतो आणि जुन्या इंटरफेसचा तो नसतो. सॉफ्टवेअर उघडेल, केबल दिसणार नाही. नव्या मॅकवर पॅरलल्स या व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या मशीनमध्ये) विंडोज टाकलं तरी हीच गत, कारण तिथेही स्नॅपड्रॅगनवर असतं तेच एआरएम विंडोज असतं. फ्लॅशिंग तर कुठल्याच व्हर्च्युअल मशीनमधून करू नये.

विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल तरच चालतं. म्हणून रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त केलेला) घेताना आठवी पिढी ही खालची रेघ धरा. माझी पसंती थिंकपॅड टी४८० ला. आत २४ वॉट-तासाची एक बॅटरी आणि मागे काढता येणारी दुसरी. मागची ७२ वॉट-तासापर्यंत मिळते. लॅपटॉप चालू ठेवूनच मागची बॅटरी बदलता येते. साधे यूएसबी पोर्ट दोन आहेत. लॅन पोर्टही आहे, जो मोटेकच्या एम१ ईसीयूला आणि बीएमडब्ल्यूला जोडायच्या एनेट केबलला लागतो. कीबोर्डच्या मधला कर्सर हलवायचा लाल ठिपका लोकांना जुनाट वाटतो, पण खड्ड्यातून जाताना टचपॅडवरचं बोट भलत्या सेलवर जातं. ठिपक्यावरचं बोट जागेवर राहतं. खोट एकच: याच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये दोष होता, त्याने यूएसबी-सी पोर्ट निकामी होतो. लेनोव्होने अपडेट काढलेलं आहे. घेतल्या दिवशी ते टाकून घ्या. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरे. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर काढून टाका. चालत्या गाडीचे धक्के तिला सोसत नाहीत.

पॅनासॉनिकचे टफबुक हवेत का? भरपूर उजेडाची स्क्रीन, धुळीला दाद न देणारी बॉडी आणि अस्सल नऊ पिनी सिरियल पोर्ट, हे सगळं त्यात आहे. पण सीएफ-१९ आणि सीएफ-३१ ची स्क्रीन १०२४ बाय ७६८. मोठं टेबल आणि लॉग शेजारी ठेवले की डोळे फुटायची वेळ येते. शिवाय सातव्या पिढीच्या आतलेच असल्याने विंडोज ११ चा प्रश्न राहतोच. जुनं सॉफ्टवेअर चालवायला, इंटरनेटपासून तोडलेलं दुसरं मशीन म्हणून मात्र झकास.

स्क्रीनबद्दल थोडं, कारण फसगत इथेच होते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कुठलीही स्क्रीन छान दिसते. स्वस्त लॅपटॉपची २५० निटच्या आसपास असते (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता गाडीच्या काचेआड तिच्यात फक्त स्वतःचं तोंड दिसतं. चकचकीत काचेची तर नकोच, मॅट घ्या. टीएन पॅनल तिरकस बघितलं की रंग उलटे होतात, आणि मांडीवरचा लॅपटॉप आपण तिरकसच बघतो, म्हणून आयपीएस. टी४८० बरोबर येणारी स्क्रीन मंदच आहे, पण १४ इंची, ३० पिनची, ४०० निटची फुल एचडी आयपीएस पट्टी त्यात थेट बसते. स्क्रू काढून अर्ध्या तासाचं काम. मूळ स्क्रीन फुल एचडी नसेल तर केबलही तपासून घ्या. पोलराइज्ड गॉगल घालून स्क्रीन बघू नका. काही कोनांत ती काळीठिक्कर दिसते आणि लोक लॅपटॉपला दोष देतात.

आता मुख्य गोष्ट, केबल. यूएसबी-सिरियल केबलच्या आत एक चिप असते आणि सगळा खेळ तिच्यावर. एफटीडीआयची असेल तर उत्तम. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ ची जुनी आवृत्ती असेल तर विंडोज आपणहून नवा ड्रायव्हर टाकतं, तो जुनी चिप नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह व "कोड १०" दिसतं. काल चालत होती, आज का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. जुना ड्रायव्हर हाताने निवडला की केबल परत चालते. स्पीड्यूइनोच्या स्वस्त मेगा बोर्डावर सीएच३४० असते. ती चालते, पण तिचा ड्रायव्हर आधीच टाकून ठेवा. शेतातल्या शेडमध्ये रेंज नसताना ड्रायव्हर शोधत बसावं लागलं तर दिवस गेला. नकली एफटीडीआय चिपाही बाजारात भरपूर आहेत. २०१४ मध्ये कंपनीच्या एका ड्रायव्हर अपडेटने अशा चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून त्या बंद पाडल्या होत्या.

एफटीडीआय केबल लावली की दोन सेटिंग बदलायच्याच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड. तिथे लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंद असतो, तो १ किंवा २ करा. चिपचा बफर भरेपर्यंत किंवा हा टायमर संपेपर्यंत ती मिळालेले बाइट लॅपटॉपला देत नाही. ईसीयूची उत्तरं छोटी, बफर भरतच नाही, म्हणून प्रत्येक उत्तरामागे फुकटची वाट बघणं होतं. तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ६००० आरपीएम सात सेकंदांत गेले आणि लॉगच्या सेकंदाला पाचच ओळी मिळाल्या, तर दोन ओळींमध्ये सुमारे ११४ आरपीएमचं अंतर पडतं. तेवढ्यात मिश्रण पातळ होऊन परत जाड झालं तरी कळणार नाही.

दुसरी सेटिंग त्याच खिडकीत खाली: सिरियल एन्युमरेटर. त्याची खूण काढून टाका. मिश्रण मोजणाऱ्या लॅम्बडा सेन्सरचा वाइडबँड कंट्रोलर अखंड आकडे पाठवत असतो. केबल लावताच विंडोज ते आकडे ऐकतं आणि हा जुन्या जमान्यातला सिरियल माउस आहे असं ठरवून टाकतं. मग कर्सर स्क्रीनभर उड्या मारतो, खिडक्या उघडतात, फाइली निवडल्या जातात. मेस्त्री म्हणतात व्हायरस आला, फॉरमॅट मारा. व्हायरस नाही, लॅम्बडा सेन्सर माउस चालवतोय.

प्रत्येक केबल नेहमी एकाच पोर्टमध्ये लावा. पोर्ट बदलला की विंडोजने केबलला दिलेला कॉम नंबर बदलू शकतो. पोर्टवर पेंटचा ठिपका द्यावा, केबललाही त्याच रंगाचा. केबल दोन मीटरच्या आतली, दोन्ही टोकांना फेराइट (गोंगाट अडवणारा जाड मणी) असलेली, आणि कॉइल व प्लगच्या वायरींपासून लांब. हब टाळा.

केबल चांगली, ड्रायव्हर बरोबर, तरी स्टार्टर मारला की कनेक्शन जातं? मग ग्राउंड लूप. लॅपटॉप गाडीच्याच लायटर सॉकेटवर चार्ज होतोय आणि यूएसबीनेही ईसीयूला जोडलाय, म्हणजे गाडीच्या निगेटिव्हला दोन वाटा झाल्या. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, दोन ग्राउंडमध्ये फरक पडतो आणि तो यूएसबीच्या बारीक तारेतून वाहतो. साधा उपाय: ट्यूनिंग करताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. दोन बॅटऱ्यांचा आग्रह त्यासाठीच. चार्जर लावणं भागच असेल तर एडीयूएम३१६० किंवा ४१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर मध्ये घाला, म्हणजे डेटा जातो पण दोन्हीकडचे ग्राउंड जोडले जात नाहीत. तो १२ मेगाबिटपर्यंतच चालतो, सिरियल केबलला तेवढं भरपूर. स्वस्त इन्व्हर्टर गाडीत लावून त्यावर चार्जर चालवणं सगळ्यात वाईट, कारण त्याचा गोंगाट सेन्सरच्या आकड्यांतही शिरतो.

फ्लॅशिंगला उलटा नियम. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जरही चालू, म्हणजे लाइट गेली तरी मशीन बंद पडत नाही. गाडीच्या बॅटरीला १३ ते १३.५ व्होल्ट स्थिर देणारा सप्लाय जोडा. चावी ऑन असताना रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो आणि व्होल्टेज कोसळतं. गॅरेजमधला जाडजूड ट्रान्सफॉर्मरचा चार्जर इथे नको, त्याचं व्होल्टेज थरथरतं आणि चढतंही. ब्लोअर, हेडलाइट, म्युझिक बंद. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. उघडा ईसीयू टेबलावर जोडण्याआधी ते ठीक करा.

उन्हाळ्याचं काय? बहुतेक लॅपटॉपच्या कागदावर चालण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे सावलीतच ४२-४३ होतं, उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. बॅटरीचे सेल साधारण ४५ अंशांच्या वर गेले की बरेच लॅपटॉप चार्जिंग थांबवतात. तो बिघाड समजू नका. लॅपटॉप गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, एवढं पाळलं तरी बॅटरी टिकते. जिनिंगच्या आसपास गॅरेज असेल तर कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीवर नमदा धरतात. दिवाळीनंतर दोन महिन्यांतून एकदा मागचं झाकण उघडा, पंख्याची पाती बोटाने धरा आणि फुंकणी मारा. पाती मोकळी सोडून हवा मारली तर बेअरिंग जातं.

सेटिंग झटपट: झाकण मिटल्यावर "काहीच करू नका", स्लीप कधीच नाही, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद. अपडेट कामाआधी थांबवा. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. जुना ड्रायव्हर चढतच नसेल तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटेग्रिटी बघा, ती अडवत असते. मशीन एस मोडमध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालतात तो) असेल तर त्यातून बाहेर काढा. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर ज्या मशीनवर टाकाल, त्यावर बँकेचं काम करू नका. आणि बीएस-६ गाडीचा डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सॉफ्टवेअरमधून बंद करून मागणारे रोज येतात. ते बेकायदेशीर आहे, लॅपटॉप कुठलाही असो.

दुकानात जाताना स्वतःची केबल घेऊन जा. ती प्रत्येक पोर्टमध्ये लावून टोक हळूच हलवा; डिव्हाइस मॅनेजरमधली नोंद गायब होऊन परत आली तर पोर्ट ढिला आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. येणाऱ्या अहवालात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागा. मग लॅपटॉप रस्त्यावर उन्हात नेऊन बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

घरी आणल्यावर पहिली जोडणी इंजिन बंद ठेवून, फक्त चावी ऑन करून. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचाच दाब सांगतो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, म्हणून इथे ९४-९५ किलोपास्कल दिसायला हवेत. नांदेडला ९७ च्या आसपास. पावसाळ्यात एखादा कमी. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी कूलंट आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान एक-दोन अंशांच्या फरकाने सारखं येतं. हे तीन आकडे जागेवर दिसले आणि दहा मिनिटं केबल तुटली नाही, की मग स्टार्टर मारा.