सात रस्ता नोंदी: डुप्लिकेट अखेर हटले

गाड्यांच्या नंबरप्लेटच्या (पाट्यांच्या) नोंदींवरून गाड्या मोजणारा माझा पायथन प्रोग्राम एकच गाडी अनेकदा मोजत होता; मागच्या अपडेटमधला हा गुंता सुटला. सात रस्ता, आसरा चौक आणि विजापूर रोड या तीन काल्पनिक कॅमेऱ्यांवरची मोजणी फुगत होती, ती जागेवर आली. (पाट्या नेहमीप्रमाणे स्क्रिप्टने बनवलेल्या, खऱ्या गाड्यांच्या नाहीत.)

दुखणं होतं फॉर लूप (यादीतली एकेक नोंद क्रमाने तपासणारा कोड) चालू असताना त्याच लिस्टमधून, म्हणजे यादीतून, डुप्लिकेट नोंदी उडवण्यात. पायथनचा लूप आतून नुसता इंडेक्स (नोंदीचा शून्यापासून मोजलेला क्रमांक) पुढे ढकलतो. इंडेक्स १ ची नोंद उडवली की २ ची सरकून १ वर येते, लूप मात्र २ वर जातो. सरकलेली नोंद तपासलीच जात नाही. सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या नोंदी लागोपाठ येतात, त्यामुळे फटका नेमका तिथंच: सलग ५ मधून १ उरायला हवी, उरतात ३. एरर नाही, वॉर्निंग नाही. वर नोटबुकमध्ये (कोड तुकड्यातुकड्यानं चालवायची फाइल) तोच सेल, म्हणजे तुकडा, पुन्हा चालवला की ३ च्या २ होतात, मग १, आणि कोड बरोबर असल्याचा भास होतो!

आता मूळ लिस्टला हात नाही, नवी भरायची. सोबत एक डिक्शनरी, म्हणजे की (खूण) दिली की तिची व्हॅल्यू (माहिती) देणारी रचना: कॅमेरा आणि पाटी या जोडीचं टपल (एकत्र बांधलेली मूल्यं) ही की, गाडी शेवटची दिसली ती वेळ ही व्हॅल्यू. फरक ६० सेकंदांच्या आत असला तर नोंद गाळायची. मेख अशी, की नोंद गाळली तरी वेळ अपडेट करायचीच; नाहीतर ९० सेकंद अडकलेली गाडी दोनदा मोजली जाते. पांडाज या डेटा हाताळायच्या पायथन लायब्ररीचं डुप्लिकेट काढणारं ड्रॉप-डुप्लिकेट्स इथं बिनकामाचं, त्याला ही ६० सेकंदांची अट कळत नाही.

त्याआधी नोंदी वेळेनुसार सॉर्ट हव्यातच, त्याही डेटटाइमवर (पायथनचा तारीख-वेळेचा प्रकार). वेळ स्ट्रिंग (नुसता मजकूर) ठेवली तर '१०:०५' हे '९:०५' च्या आधी लागतं.

पाट्यांमध्ये 'ओ' आणि शून्याची अदलाबदल जागेनुसार सुटते: एमएच १३ असो वा केए २८, तिसऱ्या-चौथ्या आणि शेवटच्या चार जागी अंकच, म्हणून तिथला 'ओ' म्हणजे शून्य. बीएच मालिका (सगळ्या राज्यांत चालणारा 'भारत' नंबर) वर्षाच्या अंकांनी सुरू होते, तिला वेगळी वाट.

पुढे डेक्यूवर (दोन्ही टोकांनी भरता-काढता येणारी यादी) दर १५ मिनिटांच्या गाड्यांची मोजणी ठरली होती. पण लिहिता लिहिता सुचलं: त्याच डिक्शनरीत पहिली वेळही ठेवली तर सिग्नलवरचा थांबा फुकटात मिळतो. आधी तेच. कॅमेऱ्यासमोर पार्क केलेली गाडी तो आकडा बिघडवेल, म्हणून १० मिनिटांवरचे थांबे वगळायचे.